टिळकांचें कृपादान

इसवी सन ५५ च्या सुमारास संत पौलानें करिंथ येथील ख्रिस्ती मंडळीस एक पत्र लिहिलें. त्या मंडळींतील एक तंटा मोठा विलक्षण होता. कोणास वक्तृत्वाची देणगी लाभली होती, कोणास ज्ञानाची, कोणास रोगनिवारणाची. आणि ज्याला त्याला आपलीच देणगी थोर वाटे. पौलानें त्यांच्यापुढें शरीराचा दृष्टान्त ठेविला. अवयव अनेक, देह एक. आणि ज्याला जें लाभलें तें सर्वांच्या कल्याणासाठीं लाभलें. मराठी बायबलांत या देणग्यांस ‘कृपादानें’ असें गोड नांव आहे.

महाराष्ट्रांतील ख्रिस्ती मंडळीपुढें हाच प्रश्न निराळ्या रूपानें उभा राहिला. अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे १८१३ सालीं मुंबईस उतरले, आणि १८३१ मध्यें अहमदनगरास मिशनचें ठाणें बसलें. शाळा निघाल्या, छापखाने चालले. उपासनेंतील बरींचशीं गीतें मात्र इंग्रजीचीं भाषांतरें, आणि चालीही विलायती. नगरच्या आसपासच्या खेड्यांतला माणूस तीं म्हणे खरा, परंतु त्याच्या गळ्याला तीं आपलीं वाटत नसत. १८६० नंतरच्या काळांत नगरच्या कृष्णराव सांगळे यांनीं ख्रिस्तचरित्रावर कीर्तनें आरंभिलीं, तेव्हां वाट सांपडली.

त्या वाटेनें सर्वांत पुढें गेले ते नारायण वामन टिळक. त्यांचा जन्म कोकणांत करजगांवीं ६ डिसेंबर १८६१ रोजीं झाला. कविता, संस्कृताचा व्यासंग आणि कीर्तन-वक्तृत्वाचा हातखंडा ही त्यांची शिदोरी धर्मांतरापूर्वींचीच होती. नागपूरहून राजनांदगांवास जातांना आगगाडींत एका युरोपियन गृहस्थानें त्यांच्या हातीं नवा करार दिला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. नव्या धर्मांत येतांना जुनें भांडार उंबऱ्याबाहेर ठेवावें, असें त्यांस कधींच वाटलें नाहीं. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलों, असें ते सांगत. अभंग, ओंवी, भजन यांच्या द्वारें त्यांनीं ख्रिस्तभक्ति मराठी केली. आजही मराठी उपासनेच्या गीतसंग्रहांत त्यांच्या रचना मुबलक आहेत. १९१२ पासून ‘ज्ञानोदया’चा मराठी विभाग त्यांच्याकडे होता. नगरच्या त्यांच्या घरीं बालकवि ठोमरे कांहीं काळ राहिले ते हिंदू म्हणूनच; या अतिथ्यासही सेवा म्हणावयास हरकत नसावी.

परंतु उत्साहाला चाकोरी मानवत नाहीं. १९१७ मध्यें, पंचावन्नाव्या वर्षीं, त्यांनीं मिशनचें वेतन सोडलें, आणि बाप्तिस्मा झालेल्या व न झालेल्या ख्रिस्तभक्तांचा एक ‘देवाचा दरबार’ उभारावा असें योजिलें. घरधनी मिळवता असतां असें पाऊल टाकणें कुटुंबास केवढें जड जातें, हें संसारी माणसास सांगावयास नको. बाप्तिस्म्याचा आग्रह सोडलेला पाहून कित्येक जुन्या मंडळींसही तें रुचणें कठीण होतें. ९ मे १९१९ रोजीं टिळक वारले. दरबाराची कल्पना रुजावयास पुरेसा अवधि मिळाला नाहीं.

तरी या कथेंतील दुसरें कृपादान अधिक विलक्षण म्हटलें पाहिजे. पतीचें धर्मांतर कळलें तेव्हां लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलें. कित्येक वर्षें ताटातूट सोसून त्यांनीं स्वतः १९०० सालीं बाप्तिस्मा घेतला. शाळेचें तोंड त्यांनीं पाहिलें नव्हतें. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर टिळकांच्याच हातून. टिळकांनीं ‘ख्रिस्तायन’ हें ओंवीबद्ध महाकाव्य आरंभिलें होतें, पण आरंभींचे अध्याय होतांच तें थांबलें. त्यांच्या पश्चात् हें ओझें लक्ष्मीबाईंनीं उचललें, आणि ग्रंथाचा बहुतेक भाग त्यांच्याच लेखणींतून उतरला. १९३४ पासून त्यांचीं ‘स्मृतिचित्रें’ प्रसिद्ध होऊं लागलीं, तेव्हां कोठें महाराष्ट्रास या बाईंची खरी ओळख पटली. मंडळीस मात्र ती आधींपासून होती. आजाऱ्याच्या उशाशीं आणि पोरक्या मुलांच्या पाठीशीं बसणाऱ्या बाईला मंडळी ओळखतेच.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजीं लक्ष्मीबाईंचें निधन झालें. ‘ख्रिस्तायन’ संपूर्ण छापून बाहेर पडलें तें १९३८ सालीं.