लेबर रूममध्ये पाऊल टाकण्यापूर्वी

बाळंतपण बहुधा सुखरूप पार पडते, आणि परिचर्येच्या शिक्षणातली मोठी अडचण याच चांगल्या गोष्टीतून उभी राहते. नर्सिंगची विद्यार्थिनी लेबर रूममध्ये पाळ्या करते, पार्टोग्राफ भरायला शिकते, केसबुक पूर्ण करते. पण बाळाचे खांदे अडकणे, आईला झटके येणे, वार पडल्यावर रक्तस्राव न थांबणे, हे प्रसंग तिच्याच पाळीत येतील असे नाही. आलेच, तर अनुभवी सिस्टर पुढे होतात आणि तिला मागे सरकावे लागते. ते योग्यही आहे. मात्र पुढे ती प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्रपाळीला एकटी असेल, तेव्हा मागे सरकायला जागा नसते. व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीच्या साहाय्याने प्रसूतिसेवा शिकवण्याचा विचार या अडचणीतून समजून घ्यावा.

या विचाराला जुना आणि अभिमानास्पद वारसा आहे. फ्रान्समध्ये 1759 साली पंधराव्या लुईने आंजेलिक द्यु कुद्रे या सुईणीला गावोगाव जाऊन शिकवण्याचा अधिकार दिला. कापड, चामडे आणि कापूस यांपासून तिने स्त्रीच्या कटिभागाची व बाळाची प्रतिकृती बनवली होती. त्यावर सराव करून हजारो स्त्रिया शिकल्या. तिची एक प्रतिकृती रूआँच्या संग्रहालयात आजही पाहायला मिळते. आपल्याकडच्या स्किल लॅबमधले पुतळे त्याच परंपरेतले.

मग व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीच्या हेडसेटने काय वाढले? रक्तस्रावाचेच उदाहरण घ्या. गर्भ पूर्ण वाढलेला असताना गर्भाशयाकडे मिनिटाला सुमारे 500 ते 700 मिलिलिटर रक्त जाते. वार सुटल्यावर गर्भाशय घट्ट आवळले नाही, तर काही मिनिटांत आईचा जीव धोक्यात येतो. पण नुसत्या नजरेने रक्ताचा अंदाज घेतला की तो बहुधा कमी भरतो. म्हणूनच बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत एएनएम भगिनींनी राबवलेल्या आणि 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, रक्तस्राव रोखणाऱ्या मिसोप्रोस्टॉल या औषधाच्या अभ्यासात रक्त मोजण्यासाठी खुणा असलेली पिशवी वापरली गेली. आभासी लेबर रूममध्ये चादर भिजत जाते, नाडी वाढते, नातेवाईक दारात ओरडतात. मदतीला कोणाला बोलवायचे, ऑक्सिटोसिन कधी, मूत्राशय रिकामे आहे का, वार पूर्ण आली का, हे सारे विद्यार्थिनीनेच ठरवायचे असते. चुकले तर कोणालाही इजा होत नाही. प्रसंग पुन्हा सुरू करता येतो.

हाताचे शिक्षण मात्र येथे अपुरेच राहते. मऊ पडलेले गर्भाशय चोळता चोळता तळव्याखाली कसे कठीण होते, हे हातातला कंट्रोलर सांगू शकत नाही. माझ्या मते हेडसेट नजरेसाठी आणि निर्णयासाठी, पुतळा हातासाठी, आणि प्रत्यक्ष लेबर रूम या सगळ्यासाठी. यातले एक दुसऱ्याच्या जागी बसवू नये. काहींना हेडसेटमुळे मळमळते, तेव्हा सत्रे छोटी ठेवणेच बरे.

आणखी एक शक्यता मला विशेष मोलाची वाटते. आभासी लेबर रूममध्ये विद्यार्थिनीला बाळंतिणीच्या जागी ठेवता येते: टेबलावर आडवे पडलेले, वर अनोळखी चेहरे, न विचारता होणारी तपासणी. केंद्र सरकारच्या 2017 च्या ‘लक्ष्य’ उपक्रमाने सन्मानपूर्वक प्रसूतिसेवेचा आग्रह धरला आहे. तो सन्मान कशाला म्हणायचे, यावर वर्गात बोलायला असा अनुभव फार उपयोगी पडेल.

वाचकांनी या विषयातले अभ्यास वाचताना एक प्रश्न जवळ ठेवावा: मोजले काय? सत्र आवडले, आत्मविश्वास वाढला, हे कळणे चांगलेच. पण सहा महिन्यांनी खऱ्या पाळीत हात आणि निर्णय कसे चालले, हेही तुम्ही शोधा. तुम्ही शिक्षक असाल, तर उपकरणांच्या वर्णनाआधी सत्रानंतरच्या चर्चेविषयी वाचा. हेडसेट काढल्यावर ‘तू तेव्हा काय पाहिलेस, आणि तसे का ठरवलेस?’ असे शांतपणे विचारणारी सिस्टर नसेल, तर महागडी यंत्रणाही फारसे शिकवत नाही. विद्यार्थिनी असाल, तर रक्तस्रावाच्या प्रसंगापासून सुरुवात करा आणि त्याच आठवड्यात पुतळ्यावर तोच सराव करून पाहा.