पिल्लाच्या तोंडातून अचानक खूप लाळ गळते आहे? केव्हा काळजी करावी

खाण्याचा वास आला, समोर बिस्किट दिसले की कुत्र्याच्या पिल्लाला लाळ सुटते. हे नैसर्गिक आहे. पण सकाळपर्यंत ठीक असलेल्या पिल्लाची हनुवटी, गळा आणि पुढचे पाय अचानक लाळेने भिजू लागले, तर त्यामागे काहीतरी कारण असते. कारणे दोन प्रकारची असतात. एक तर लाळ नेहमीपेक्षा जास्त तयार होत असते, किंवा तयार झालेली लाळ पिल्लाला गिळता येत नसते. गिळता येत नसेल, तर प्रकरण बहुधा जास्त गंभीर असते.

तोंडात हात घालण्यापूर्वी

लाळ गळताना दिसली की आपण लगेच पिल्लाचे तोंड उघडून बोट आत घालतो. आधी थांबा आणि विचार करा: पिल्लाला रेबीजची लस मिळाली आहे का? ही लस साधारण तीन महिन्यांच्या वयाला देतात, म्हणजे लहान पिल्लांना हे संरक्षण नसतेच. रस्त्यावरून आणलेल्या किंवा मागच्या काही महिन्यांत दुसऱ्या कुत्र्याने चावलेल्या पिल्लाबाबत जास्त सावध राहा.

रेबीजमध्ये घशाचे आणि जबड्याचे स्नायू लुळे पडतात, त्यामुळे लाळ गिळता येत नाही. खालचा जबडा लोंबणे, आवाज बदलणे, चाल अडखळणे, विनाकारण चावणे किंवा अंधारात लपून बसणे ही सोबतची लक्षणे. ‘घशात हाड अडकले असेल’ असे समजून अशा पिल्लाच्या तोंडात हात घालणे धोक्याचे आहे. शंका असेल तर पिल्लाला एका खोलीत बंद ठेवा, मुलांना दूर करा आणि पशुवैद्यांना फोन करा.

पिल्लू चावले असेल, ओरखडले असेल, किंवा त्याची लाळ जखमेला, डोळ्यात वा तोंडात लागली असेल, तर त्वचेवरील जागा साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवा. डोळे व तोंड नुसत्या पाण्याने धुवा. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन लस सुरू करा. जखमेवर हळद, चुना किंवा तिखट लावू नका. लक्षणे दिसू लागल्यावर रेबीजवर खात्रीचा उपचार नाही. वेळेवर घेतलेली लसच जीव वाचवते.

नेहमी आढळणारी कारणे

- दात येणे: साधारण साडेतीन ते सात महिन्यांच्या काळात २८ दुधाचे दात पडून ४२ कायमचे दात येतात. लाळ थोडी वाढते, हिरड्या लाल होतात, कधी खेळण्यावर रक्ताचा डाग दिसतो. मात्र पिल्लू खाते-पिते आणि खेळते. दात येताना लाळेचे लोट वाहत नाहीत.
- मळमळ: गाडीचा प्रवास, जंत किंवा पोट बिघडणे. पिल्लू ओठ चाटते, वारंवार गिळते, मग उलटी करते. पार्वोची सुरुवातही अशी होऊ शकते. लस अपुरी असेल आणि उलट्या-जुलाब सुरू झाले, तर त्याच दिवशी तपासून घ्या.
- काहीतरी अडकणे: हाडाचा किंवा काडीचा तुकडा टाळूला आडवा अडकतो. पिल्लू पंजाने तोंड खाजवत राहते. जिभेखाली दोरा दिसला तर ओढू नका. त्याचे दुसरे टोक आतड्यात असू शकते.
- विजेची वायर चावणे: जीभ आणि ओठ भाजतात. पिल्लू बरे दिसले तरी काही तासांनी फुप्फुसात पाणी भरू शकते. दाखवायलाच हवे.
- पावसाळ्यातले बेडूक: खरखरीत कातडीच्या बेडकाला तोंडात धरले की त्याच्या अंगातला विषारी स्राव लागतो आणि लगेच फेस येतो.
- औषधे आणि विषे: गोचिडीचे औषध, शेतातील कीटकनाशक, उंदराचे औषध, कण्हेर. शोभेच्या मनी प्लांटची पाने चघळली तरी तोंडाची आग होऊन लाळ गळते. गुरांचे गोचिडीचे औषध पिल्लाला लावणे विशेष धोक्याचे. लाळेसोबत डोळ्यांतून पाणी, जुलाब, सतत लघवी आणि अंग थरथरणे दिसले तर कीटकनाशकाची विषबाधा समजा.
- उष्माघात: जोरात धापा, लालबुंद हिरड्या, चिकट लाळ. पगसारख्या चपट्या नाकाच्या पिल्लांना धोका जास्त.

ताबडतोब पशुवैद्यांकडे न्या, जर…

- श्वास घ्यायला त्रास होत असेल, किंवा जीभ-हिरड्या निळ्या वा पांढऱ्या पडल्या असतील
- झटके येत असतील, तोल जात असेल किंवा पिल्लू गळून पडले असेल
- पाणीही गिळता येत नसेल
- विष, औषध किंवा वायर तोंडात गेल्याची शंका असेल
- तोंड वा चेहरा सुजला असेल, लाळेत रक्त असेल
- अंगाचे तापमान ४० अंश सेल्सिअसपेक्षा जास्त असेल (सामान्य सुमारे ३८ ते ३९)

यापैकी काही नसेल आणि पिल्लू खात-खेळत असेल, तर काही तास लक्ष ठेवा. लाळ दुसऱ्या दिवशीही तशीच असेल तर दाखवा.

घरी काय करावे

- बेडूक चावला असेल, पिल्लू शुद्धीवर असेल आणि रेबीजची शंका नसेल, तर डोके खाली झुकवून ओल्या फडक्याने हिरड्या पुसा. पाणी गालाच्या बाजूने सोडा, घशाकडे नको.
- औषध अंगावर लागले असेल तर हातमोजे घालून साबणाने धुवा.
- उन्हाने त्रास झाला असेल तर साध्या पाण्याने अंग भिजवा, पंखा लावा आणि निघा. बर्फात बुडवू नका.
- वायर चावताना दिसला तर आधी मेन स्विच बंद करा, मगच हात लावा.

काय करू नये

मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नका. दूध, तूप किंवा तेल पाजू नका. गिळता न येणाऱ्या पिल्लाच्या ते फुप्फुसात जाते. दात दुखत असतील म्हणून माणसांची वेदनाशामक गोळी देऊ नका.

पशुवैद्यांना काय सांगाल?

लाळ केव्हा सुरू झाली, पिल्लाचे वय, कोणत्या लसी झाल्या, शेवटचे काय खाल्ले, घरात किंवा शेतात अलीकडे कोणते औषध फवारले. औषधाची बाटली, पाकीट किंवा चघळलेले पान सोबत न्या. विषबाधेत उतारा कोणता द्यायचा हे त्यावरून ठरवता येते आणि वेळ वाचतो.