बिग फनचं कार्ड, जामठ्याचं तिकीट आणि बाळूंचा न राहिलेला कागद

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोललो तसंच ठेवलंय, मधलं अडखळणं तेवढं काढलंय.

आजचा विषय आहे आवडत्या खेळाडूची कार्डं, तिकिटं, सह्या, बॅटी, म्हणजे लोक जे जमवतात ते सगळं. हा पैसेवाल्यांचा शौक आहे असं तुम्हाला वाटत असेल, तर थोडं थांबा. मी साकोलीचा. आमच्या इकडे नव्वदीच्या दशकात घराघरात असा संग्रह होता. फक्त त्याला कोणी संग्रह म्हणत नव्हतं. आई लोक त्याला "कचरा" म्हणत.

पाकिटातला पुठ्ठा

सुरुवात अमेरिकेतून करू, कारण या शौकाचं मूळ तिकडे सापडतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सिगारेटचं पाकीट मऊ असायचं. सिगारेटी वाकू नयेत म्हणून आत एक पुठ्ठ्याचा तुकडा घालत. मग कंपन्यांच्या डोक्यात आलं की पुठ्ठा कोरा कशाला ठेवायचा? त्यावर बेसबॉलपटूंची चित्रं छापली. मुलं बापाकडून पुठ्ठे मागून घेऊ लागली आणि पुढे तेच पुठ्ठे सिगारेट खपवू लागले.

अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ मध्ये काढलेल्या मालिकेत होनस वॅग्नर या खेळाडूचं कार्ड फार थोडं छापलं गेलं, कारण वॅग्नरने स्वतःच आक्षेप घेतला. लहान मुलं आपल्या चित्रासाठी तंबाखू विकत घेतील हे त्याला नको होतं, असं काही जण सांगतात. काही म्हणतात, भांडण पैशांचं होतं. ते काही असो, त्याच्या एका कार्डाला २०२२ मध्ये ७२.५ लाख डॉलर मिळाले.

दुसरी गोष्ट तर याहून भारी आहे. टॉप्स ही च्युइंगमची कंपनी. तिच्या १९५२ च्या कार्डांचे खोके पडून राहिले. गोदामात जागा अडते म्हणून १९६० मध्ये ते नावेत भरून अटलांटिक समुद्रात बुडवले. त्यात मिकी मँटलची कार्डं होती. त्याच मालिकेतलं, न बुडलेलं एक मँटल कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. त्या वेळच्या दराने साधारण १०० कोटी रुपये!

आता हा हिशोब नीट बघा. कार्ड महाग झालं, त्यामागे मँटल मोठा खेळाडू होता हे तर आहेच. पण बाकीच्यांनी आपलं फेकलं आणि कोणीतरी एकाने ठेवलं, हेही तितकंच आहे. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत बोलायचं तर इतिहास म्हणजे उरलेला बॅकअप. ज्याचा बॅकअपच घेतला नाही, ते गेलं.

राजपुत्र आणि बाळू

मग खरा प्रश्न येतो. बॅकअप कोणाचा घेतला जातो?

इंग्लंडमध्येही तंबाखू कंपन्यांनी क्रिकेटपटूंची कार्डं काढली. त्यांवर आपल्याकडचा एक चेहरा झळकला, रणजीतसिंहजींचा. ते राजघराण्यातले, केंब्रिजमध्ये शिकलेले आणि इंग्लंडकडून कसोटी खेळलेले. त्यांचे फोटो, चित्रं, लेख भरपूर उरले. आज ती कार्डं लिलावात दिसतात.

त्याच काळात पुण्यात एक डावखुरा फिरकी गोलंदाज होता, पालवणकर बाळू. जन्म १८७६ चा, चांभार कुटुंबातला. पारशांच्या क्रिकेट क्लबवर महिना ३ रुपये पगारावर मैदान राखायचं काम केलं. मग युरोपियनांच्या क्लबात गेले, तिथे इंग्रज फलंदाजांना सरावासाठी तासन् तास गोलंदाजी केली. पुढे ते हिंदू संघाकडून खेळू लागले. मैदानावर त्यांनी टाकलेला चेंडू सवर्ण सहकारी हातात घेत. चहाच्या वेळी मात्र बाळूंना पॅव्हिलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात चहा. बाकीच्यांना चिनी मातीचे कप.

१९११ मध्ये भारताचा संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला. बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. एकशे चौदा! पुढे १९३७ च्या निवडणुकीत ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विरोधात काँग्रेसकडून उभे राहिले आणि थोडक्यात हरले, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण त्यांची गोलंदाजी डोळ्यासमोर येईल असं काही हातात येतं का? मोजके फोटो, बस्स. बाळूंचं कार्ड मी आजवर कुठल्याही यादीत पाहिलेलं नाही. ज्या मातीच्या भांड्यात त्यांना चहा दिला जायचा, ते तर वापरून फोडायसाठीच होतं. ते कोण जपणार?

बाळूंची गोष्ट आपल्यापर्यंत आली ती मुख्यतः त्यांच्या भावामुळे. विठ्ठल पालवणकर हे स्वतः मोठे फलंदाज, १९२३ मध्ये हिंदू संघाचे कर्णधार झालेले. त्यांनी 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र मराठीत लिहिलं. ते १९४८ मध्ये छापलं गेलं. रामचंद्र गुहांनी भारतीय क्रिकेटचा इतिहास लिहिताना या पुस्तकाचा आधार घेतला. म्हणजे बघा, कंपनीने कार्ड काढलं नाही, पण भावाने पुस्तक लिहिलं आणि कोणीतरी त्याची प्रत रद्दीत घातली नाही. एवढ्यावर हा इतिहास उभा आहे.

नागपूरचे सी. के.

आता आपल्या विदर्भात येऊ. भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू नागपूरचे, जन्म १८९५. १ डिसेंबर १९२६ ला मुंबईच्या जिमखाना मैदानावर त्यांनी एमसीसीविरुद्ध १५३ धावा काढल्या, त्यात ११ षटकार! पाहुण्या संघाने खूश होऊन त्यांना चांदीची बॅट भेट दिली. १९४१ मध्ये ते एका लिव्हर टॉनिकच्या जाहिरातीत आले. भारतात मालाची जाहिरात करणारे पहिले क्रिकेटपटू म्हणून त्यांचंच नाव घेतलं जातं. खेळाडूचा चेहरा माल खपवू शकतो हे आपल्या बाजाराला तेव्हा कळलं. पुढची सगळी कार्डं, स्टिकर, पोस्टर याच वाटेने आली.

बिग फन ते वानखेडे

सचिनचा पहिला कसोटी सामना १५ नोव्हेंबर १९८९ ला कराचीत झाला. त्याच सुमारास दुकानादुकानात बिग फन बबलगम होतं. गमसोबत क्रिकेटपटूचं कार्ड आणि त्यावर रन किंवा विकेट. ठराविक रन जमले की बक्षीस. माझ्या मामाकडे बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ही कार्डं अजून आहेत. कोपरे झिजलेले, काहींवर शाईने मिशा काढलेल्या. लिलावात यांना कोणी विचारणार नाही. पण साकोलीतल्या एका पोराने १९९० च्या आसपास आपली चिल्लर कशावर उडवली, याचा याहून पक्का पुरावा दुसरा नाही.

शिवाय 'एकच षटकार' होतं. संदीप पाटील संपादक असलेलं मराठी क्रीडा नियतकालिक. त्यातली चित्रं कापून वह्यांच्या कव्हरवर चिकटायची. १९९६ च्या विश्वचषकानंतर सचिनच्या बॅटवर टायर कंपनीचं स्टिकर आलं आणि गावोगावच्या बॅटींवर तेच. काही पोरांनी तर धुणं धुवायच्या मोगरीवरसुद्धा ते चिकटवलं!

आता तिकिटाबद्दल. १२ मार्च २०११, नागपूरजवळचं जामठा, विश्वचषक, समोर दक्षिण आफ्रिका. सचिनने १११ धावा केल्या. त्याचं ते ९९ वं आंतरराष्ट्रीय शतक. १ बाद २६७ वरून आपण सर्वबाद २९६, आणि सामना हरलो. साकोलीहून जामठा शंभर-सव्वाशे किलोमीटर. इकडूनही लोक गेले होते. हरल्याच्या रागात किती जणांनी तिकीट तिथेच फाडून टाकलं असेल! पुढचं, शंभरावं शतक यायला थेट १६ मार्च २०१२ उजाडला, मीरपूरला. म्हणजे वर्षभर सगळा देश त्या जामठ्याच्या आकड्यावर अडकून होता. त्या दिवसाचं अर्धं फाटलेलं तिकीट कोणाकडे असेल तर जपा राजेहो.

१४ नोव्हेंबर २०१३ ला सचिनचा २०० वा आणि शेवटचा कसोटी सामना वानखेडेवर सुरू झाला, तेव्हा टपाल खात्याने त्याच्यावर तिकिटं काढली. हयात माणसावर टपाल तिकीट ही दुर्मिळ गोष्ट. पण मराठी माणसाला ती नवी नव्हती. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्यावर १९५८ मध्ये, त्यांच्या शंभरीला, ते हयात असतानाच तिकीट निघालं होतं.

मोठा संग्रह बघायचा असेल तर पुण्यात सहकारनगरला रोहन पाटे यांचं 'ब्लेड्स ऑफ ग्लोरी' हे क्रिकेट संग्रहालय आहे. २०१२ मध्ये सचिनच्याच हस्ते त्याचं उद्घाटन झालं.

घरचा डबा

आता कामाचं बोलू. घरात जुनी कार्डं निघाली तर लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका, फेविकॉल तर नकोच. आपल्याकडचा पावसाळा, कसर आणि वाळवी हे तीन शत्रू. कोरड्या डब्यात, जमिनीपासून वर ठेवा. सही असलेली बॅट कोणी विकायला आणली तर आधी भिंग घ्या. छापील सहीत बऱ्याचदा बारीक ठिपके दिसतात. पेनाची रेघ सलग जाते, कुठे जाड, कुठे बारीक.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सोबत एक चिठ्ठी ठेवा. कोणाचं, कधीचं, कुठून आलं. चिठ्ठी नसेल तर नातवंडांसाठी तो निव्वळ पुठ्ठा.

सचिनची काळजी करायची गरज नाही. त्याचा बॅकअप जगभर आहे. प्रश्न आजच्या बाळूंचा आहे. १ जानेवारी २०१८ ला इंदूरला विदर्भाने पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. दुसऱ्या दिवशीचा पेपर तुमच्या घरी आहे का? नागपूरची मोना मेश्राम २०१७ च्या विश्वचषकात भारताच्या संघात होती. तिचं एखादं चित्र कोणी वहीत चिकटवलं का? आपल्या गावच्या टेनिस बॉल स्पर्धेची पत्रकं, कबड्डीच्या संघाचे फोटो, शंकरपटाच्या बक्षिसांची यादी, हे कोणतीही कंपनी छापून विकणार नाही. ते ठेवलं तर आपणच ठेवायचं, नाहीतर विठ्ठलरावांसारखं बसून लिहून काढायचं.

या रविवारी घरातली एक जुनी पेटी उघडा. काय निघालं ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. राम राम!