मुर्नाउचे तळघर

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

बव्हेरियातल्या ज्या गावाविषयी आज बोलायचे आहे, ते आपल्याकडच्या सहल कंपन्यांच्या यादीत सहसा सापडत नाही. म्युनिक असते, राजा दुसऱ्या लुडविगचा परीकथेतल्यासारखा किल्ला असतो, आल्प्सच्या शिखरावर नेणारी पाळण्याची गाडी असते. मुर्नाउ नसते. म्युनिकहून गार्मिशकडे जाणाऱ्या गाडीत बसले की तासाभरात ते येते आणि बहुतेक प्रवासी खिडकीतूनच डोंगर बघत पुढे जातात. मी उतरले, ते एका तळघरासाठी.

कागदोपत्री मुर्नाउ शहर नाही. जर्मन भाषेत त्याला 'मार्क्ट' म्हणतात. म्हणजे बाजाराचा हक्क मिळालेले गाव. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे, कसबा. गावाच्या पश्चिमेला श्टाफेलसे नावाचे तळे, त्यात सात बेटे. दक्षिणेला मुर्नाउअर मूस ही सुमारे ३२ चौरस किलोमीटरची दलदलीची जमीन. मध्य युरोपात एवढी मोठी आणि बरीचशी अभंग राहिलेली दलदल क्वचितच उरली आहे. तिच्यापलीकडे एकदम भिंतीसारखे आल्प्स उभे राहतात. पाऊस पडून गेल्यावर हे डोंगर हात लावावा इतके जवळ आल्यासारखे दिसतात आणि निळे होतात. हा निळा रंग पुढे आपल्या गोष्टीत येणार आहे.

या तळ्याची नोंद फार जुनी आहे. शार्लमेन बादशहाच्या काळात, इसवी सन ८१० च्या सुमारास, बेटावरच्या चर्चच्या मालमत्तेची एक यादी तयार झाली. जहागिरीची मोजदाद कशी करावी याचा नमुना म्हणून ती जपली गेली आणि म्हणूनच आपल्यापर्यंत पोहोचली. आपल्या पेशवे दप्तरातला एखादा जाबता वाचावा तशी ती वाचता येते. वेदीवरचे सोन्याचांदीचे सामान, पुस्तके, कोठारातले धान्य, गुरे, कुळांच्या जमिनी. त्यातच एक ओळ आहे, की येथे विणकामाचे एक दालन असून त्यात २४ बायका आहेत. त्यांची नावे मात्र यादी करणाऱ्याने लिहिलेली नाहीत. सोन्याचांदीला जेवढी जागा मिळाली तेवढी या बायकांना मिळाली नाही.

आता मधली हजार-अकराशे वर्षे ओलांडू या. गावाचा मुख्य रस्ता उताराचा, दोन्ही बाजूंना रंगीत दर्शनी भिंतींची घरे, पिवळी, गुलाबी, हिरवी, निळसर, आणि रस्त्याच्या शेवटी थेट डोंगर. पाहणाऱ्याला वाटते, हे असे शतकानुशतके चालत आले असेल. तसे नाही. एमानुएल फोन झाइडल या म्युनिकच्या नामवंत वास्तुविशारदाने येथे आपले बंगलेवजा घर बांधले होते. त्याच्याच पुढाकाराने १९०६ पासून या रस्त्यावरच्या घरांना रंग देण्यात आले. १९०८ च्या उन्हाळ्यात चार चित्रकार येथे उतरले तेव्हा हे रंग अगदी ताजे होते. कलेच्या इतिहासात मुर्नाउच्या रंगांविषयी पुष्कळ लिहिले जाते. त्यात या रंगाऱ्यांचाही वाटा आहे, हे कुणी फारसे सांगत नाही.

ते चौघे म्हणजे वासिली कांदिन्स्की, गाब्रिएले म्युंटर, अलेक्सेई याव्लेन्स्की आणि मारियान फोन वेरेफ्किन. म्युंटर सोडली तर बाकीचे रशियन. ग्रीसब्रॉय नावाच्या खानावळीत ते राहिले. दिवसभर बाहेर बसून चित्रे काढायची, संध्याकाळी एकमेकांची बघायची. काही आठवड्यांत त्यांची चित्रकला पार पालटली. सावल्या, छटा, बारकावे गळून पडले. डोंगर म्हणजे निळा आकार, रस्ता म्हणजे पिवळा पट्टा, भोवती काळी रेघ. कांदिन्स्की पुढे ज्या अमूर्त चित्रांसाठी जगप्रसिद्ध झाला, त्यांचा उगम शोधत मागे गेले की पाय या कसब्यातच येऊन थांबतात.

म्युंटर बर्लिनमध्ये १८७७ साली जन्मली. आईवडील लवकर गेले. एकविसाव्या वर्षी बहिणीबरोबर ती अमेरिकेतल्या नातेवाइकांकडे गेली, दोन वर्षे राहिली, हातात कोडॅकचा कॅमेरा घेऊन हिंडली. म्युनिकच्या सरकारी कला अकादमीत त्या काळी मुलींना प्रवेश नव्हता, म्हणून ती एका खासगी चित्रशाळेत दाखल झाली. तेथे शिकवायला कांदिन्स्की होता. तो विवाहित होता. पुढे दोघांनी वाङ्निश्चय केला, पत्नीपासून रीतसर घटस्फोट मात्र १९११ साली झाला, आणि त्यानंतरही त्याने म्युंटरशी लग्न केले नाही. १९०९ साली मुर्नाउला रेल्वेमार्गापलीकडच्या टेकाडावर एक नवे घर विक्रीला निघाले. कांदिन्स्कीला ते फार आवडले. विकत घेतले ते म्युंटरने, स्वतःच्या पैशाने. गावकरी त्याला 'रशियनांचे घर' म्हणू लागले. मालकीण जर्मन, पैसे तिचे, आणि नाव रशियनांचे!

गावात काचेच्या उलट्या बाजूने चित्रे रंगवण्याची जुनी परंपरा होती. यात सगळा क्रम उलटा. आधी बाह्यरेषा, मग बारकावे, शेवटी पार्श्वभूमी. आपल्याकडेही अशी काचचित्रे होत असत, पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात ती पाहायला मिळतात. शहरी चित्रकारांना ही देवादिकांची स्वस्त चित्रे म्हणजे अडाणी कारागिरी वाटत असे. म्युंटर मात्र हाइनरिश राम्बोल्ड या गावातल्या कारागिराकडे जाऊन हे काम शिकली आणि मग ते कांदिन्स्कीने उचलले. तिच्या चित्रांतली ती ठळक काळी रेघ या काचेची आठवण करून देते.

याच घरात १९११ साली कांदिन्स्की आणि जवळच्या झिंडल्सडोर्फ खेड्यात राहणारा फ्रान्झ मार्क यांनी एका वार्षिकाची जुळवाजुळव केली. नाव ठेवले 'निळा घोडेस्वार'. म्युनिकला त्याच वर्षी डिसेंबरात पहिले प्रदर्शन भरले, १९१२ च्या मे महिन्यात ग्रंथ निघाला. त्यात युरोपातल्या नव्या चित्रांशेजारी लहान मुलांची चित्रे, आफ्रिकेतली लाकडी शिल्पे आणि बव्हेरियातली काचचित्रे एकाच मानाने छापली होती.

ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध पेटले. कांदिन्स्की रशियन, म्हणजे एका रात्रीत शत्रुराष्ट्राचा नागरिक. दोघे स्वित्झर्लंडला गेली, तेथून तो रशियाला गेला. फ्रान्झ मार्क १९१६ साली व्हेर्दाँच्या रणांगणावर मारला गेला. म्युंटर तटस्थ स्वीडनमध्ये जाऊन वाट पाहत राहिली. १९१५ च्या अखेरीस कांदिन्स्की स्टॉकहोमला आला, काही आठवडे राहिला, मार्च १९१६ मध्ये परतला. ती त्यांची शेवटची भेट. पुढल्या वर्षी त्याने मॉस्कोत दुसऱ्या एका तरुणीशी लग्न केले. म्युंटरला त्याने ते कळवलेही नाही.

तो जर्मनीत परतल्यावर, १९२२ पासून, बाउहाउस या प्रसिद्ध कलाशाळेत शिकवू लागला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात कलकत्त्याच्या इंडियन सोसायटी ऑफ ओरिएंटल आर्टने भरवलेल्या प्रदर्शनात बाउहाउसच्या कलावंतांबरोबर त्याच्याही कलाकृती होत्या. म्हणजे त्याची कला हिंदुस्थानात पोहोचली, पण त्याची जुनी चित्रे जर्मनीतच म्युंटरच्या ताब्यात अडकून पडली होती. त्याने ती वकिलामार्फत मागितली. ती म्हणाली, लग्नाचे वचन मोडलेस त्याचे काय? हा झगडा काही वर्षे चालला. १९२६ साली तडजोड झाली. काही चित्रे आणि सामान पेट्यांत भरून त्याच्याकडे गेले, बाकी सगळे कायद्याने तिचे झाले. आपण हा भाग वाचताना एका बाजूला झुकतो, हे मान्य करायला हवे. मी तरी म्युंटरच्या बाजूला झुकले.

१९३१ साली ती मुर्नाउच्या घरी कायमची राहायला आली. सोबती होता योहान्नेस आइश्नर हा कला-इतिहासाचा अभ्यासक. तेव्हा गावाची हवा बदललेली होती. त्याच वर्षी १ फेब्रुवारीला एका खानावळीतल्या सभेत नाझी आणि समाजवादी यांच्यात तुंबळ मारामारी झाली. नाटककार इडन फोन होर्वाट तेव्हा मुर्नाउला राहत असे. तो तेथे हजर होता, पुढे खटल्यात त्याने साक्ष दिली. अशा गावच्या राजकारणावर त्याने नाटकही लिहिले. १९३३ मध्ये त्याच्या आईवडिलांच्या घराची झडती झाली आणि त्याला गाव सोडावे लागले. तोच तो रंगीत रस्ता, तेच निळे डोंगर.

जुलै १९३७ मध्ये म्युनिकला 'अधःपतित कला' या नावाचे प्रदर्शन उघडले. सरकारी संग्रहालयांतून जप्त केलेल्या सुमारे ६५० कलाकृती, भिंतींवर टिंगलीचे मजकूर, आणि लोकांनी येऊन हसावे अशी मांडणी. त्यात कांदिन्स्की होता. जी चित्रे संग्रहालयांत होती त्यांतली पुष्कळ पुढे परदेशात विकली गेली, कित्येक नष्ट झाली. आणि येथून तासाभराच्या अंतरावर, मुर्नाउच्या त्या घरात, साठ वर्षांची एक बाई याच माणसाच्या चित्रांचा केवढा तरी साठा सांभाळून बसली होती. तिने तो तळघरात दडवला. घराची झडती झाली, युद्ध संपताना अमेरिकन सैनिकही आले, पण चित्रे कुणाला सापडली नाहीत, असे सांगतात. पुढे लोकांनी त्या जागेला 'लाखमोलाचे तळघर' असे नाव दिले. तेव्हा मात्र त्या चित्रांची बाजारात किंमत नव्हती, होती ती फक्त जोखीम.

तिला वीरांगना करून टाकण्याचा मोह होतो. पण हा इतिहास तितका सरळ नाही. चित्रे विकता यावीत, प्रदर्शनात लावता यावीत म्हणून ती नाझींच्या कलावंत-संघटनेची सभासद झाली. हिटलरच्या रस्तेबांधणीचा गौरव करणाऱ्या १९३६ च्या एका फिरत्या प्रदर्शनात तिची चित्रेही होती. गावाजवळ ऑलिंपिकसाठी रस्ता होत होता, तेथे काम करणारे निळे उत्खनन-यंत्र तिने रंगवले. मला वाटते, ही दोन्ही कामे एकाच बाईची होती हे समजून घ्यावे. पोट भरायचे होते, रंग विकत घ्यायचे होते. आणि रात्री त्याच घरात, पायऱ्या उतरून, काय दडवले आहे हे तिला ठाऊक होते.

त्याच वर्षांत गावाच्या एका कडेला लष्करी बराकींमध्ये पाच हजारांहून अधिक पोलिश अधिकारी युद्धकैदी होते. २९ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकन रणगाडे तेथे पोहोचले. त्याच दिवशी म्युनिकजवळची दाखाउची छळछावणीही मुक्त झाली.

कांदिन्स्की पॅरिसजवळ डिसेंबर १९४४ मध्ये वारला. म्युंटरला त्यानंतर बारा वर्षे ही चित्रे विकण्याची मोकळीक होती. भाव चढत होते, तिला श्रीमंतीत दिवस काढता आले असते. १९ फेब्रुवारी १९५७ रोजी, आपल्या ऐंशीव्या वाढदिवशी, तिने एक हजाराहून अधिक कलाकृती म्युनिकच्या लेनबाखहाउस या महापालिकेच्या संग्रहालयाला देऊन टाकल्या. त्यात कांदिन्स्कीची नव्वदच्या आसपास तैलचित्रे होती, शेकडो जलरंगचित्रे आणि रेखाटने होती, काचचित्रे होती, मित्रांची कामे होती. तोवर हे संग्रहालय एका जुन्या चित्रकाराचे घर एवढ्यापुरतेच ओळखले जाई. एका दिवसात ते जगातल्या नामांकित संग्रहालयांच्या रांगेत जाऊन बसले. या देणगीत म्युंटरची स्वतःची तैलचित्रे किती होती? पंचवीस.

१९६२ च्या मे महिन्यात ती याच घरात वारली. १९९८-९९ मध्ये घराची डागडुजी करून ते १९०९ ते १९१४ या काळात जसे होते तसे करण्यात आले. आज ते कुणालाही पाहता येते. कांदिन्स्कीने जिन्यावर रंगवलेले घोडेस्वार आणि फुले तशीच आहेत, लाकडी सामानही त्यांनी रंगवलेले आहे. वरच्या खिडकीतून समोर चर्च आणि किल्लेवजा इमारत दिसते, मध्ये रेल्वेचा मार्ग. 'मुर्नाउजवळची आगगाडी' हे कांदिन्स्कीचे १९०९ चे चित्र आता म्युनिकला आहे, काळीकुट्ट गाडी आणि तिच्या वाफेचा गोळा. मी खिडकीशी उभी असताना एक गाडी गेली. ती विजेवर चालणारी, त्यामुळे वाफ नव्हती.

गावातल्या किल्ल्यात १९९३ पासून संग्रहालय आहे, तेथे म्युंटरला एक चांगला मोठा भाग दिलेला आहे. ज्यांना वेळ असेल त्यांनी आधी ते पाहावे, मग पायी घराकडे जावे. वाटेत सेंट निकोलस चर्चच्या आवारात तिची कबर आहे. फारशी मोठी नाही. तिच्याशेजारून गावातल्या बायका झारीने पाणी घालत फिरतात, आपापल्या माणसांच्या फुलांना.