बार्शीतील ग्रामीण कर्करोग संशोधन

बार्शीतील ग्रामीण कर्करोग संशोधन म्हणजे सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथील नर्गिस दत्त मेमोरियल कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचे टाटा मेमोरियल केंद्र यांनी १९८७ पासून सोलापूर व उस्मानाबाद (२०२३ पासून धाराशिव) जिल्ह्यांतील खेड्यांत केलेले वैद्यकीय संशोधन होय. भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीची १,३१,७४६ स्त्रियांवरील चाचणी आणि एचपीव्ही लशीच्या मात्रांविषयीच्या अखिल भारतीय अभ्यासातील सहभाग, हे त्याचे मुख्य भाग आहेत. तपासणीच्या चाचणीचे निष्कर्ष २००९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. एचपीव्ही विषाणूची तपासणी एकदाच केली तरी या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, असे त्यांतून दिसले. तपासणी न मिळालेल्या तुलना गटामुळे याच चाचणीवर पुढे नैतिक आक्षेपही घेतले गेले.

आजार आणि उपचारांची मर्यादा

गर्भाशयमुखाचा कर्करोग मानवी पॅपिलोमा विषाणूच्या, म्हणजे एचपीव्हीच्या, दीर्घकाळ टिकलेल्या संसर्गातून उद्भवतो. हा संबंध दाखवून देणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउसेन यांना २००८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. विषाणूचे अनेक प्रकार असले तरी सुमारे ७० टक्के कर्करोग त्यांतील १६ व १८ या दोन प्रकारांमुळे होतात. बहुतेक स्त्रियांच्या शरीरातून संसर्ग आपोआप निघून जातो. ज्यांच्यात तो टिकतो त्यांच्या गर्भाशयमुखावरील पेशींत हळूहळू बदल होतात आणि त्यांचे कर्करोगात रूपांतर होण्यास सहसा दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो. या काळात बिघडलेला भाग गोठवून किंवा विद्युत तारेच्या वळ्याने कापून काढला तर रोग टळतो, आणि त्यासाठी रुग्णालयात मुक्कामही करावा लागत नाही.

एकदा गाठ वाढून ओटीपोटाच्या भिंतीपर्यंत पोहोचली की हाच आजार बरा होण्यास अत्यंत कठीण ठरतो. शस्त्रक्रियेचा उपयोग राहत नाही. बाहेरून द्यावयाचा किरणोपचार आणि किरणोत्सर्गी स्रोत गर्भाशयमुखाजवळ ठेवून द्यावयाचा अंतर्गत किरणोपचार यांवरच मुख्य भिस्त असते. टाटा मेमोरियल केंद्राने २००३ ते २०११ या काळात तिसऱ्या टप्प्यातील पुढच्या अवस्थेच्या ८५० रुग्ण स्त्रियांवर केलेल्या चाचणीत किरणोपचाराच्या जोडीला सिस्प्लॅटिन हे औषध दिले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पाच वर्षांनंतर जिवंत असलेल्या स्त्रियांचे प्रमाण नुसत्या किरणोपचाराने ४६ टक्के, तर औषधासह ५४ टक्के होते. ही सुधारणा निश्चितच मोलाची आहे, तरीही उत्तम उपचार मिळूनही या अवस्थेतील जवळपास निम्म्या स्त्रिया पाच वर्षांत दगावतात, हेही तीच आकडेवारी सांगते. २०२० च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १ लाख २४ हजार स्त्रियांना हा कर्करोग होतो आणि सुमारे ७७ हजार स्त्रियांचा त्याने मृत्यू होतो.

परिसर आणि रुग्णालय

बार्शी हे बालाघाट डोंगररांगांच्या पायथ्याकडील बाजारपेठेचे गाव. बार्शी लाइट रेल्वेची अरुंदमापी गाडी १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी अशी सुरू झाली. पुढे तो मार्ग एका बाजूस मोडनिंबवरून पंढरपूरला व दुसऱ्या बाजूस लातूरला जाऊन मिळाला. धान्याच्या व्यापारासाठी आणि पंढरीच्या यात्रेसाठी लोक या गाडीने ये-जा करीत, मात्र कर्करोगाच्या उपचारासाठी मोठ्या शहराची वाट धरावी लागे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस अश्विनी ग्रामीण कर्करोग संशोधन व निवारण संस्थेने येथे कर्करोग रुग्णालय उभारले. त्यामागील प्रमुख प्रेरणा डॉ. भगवान नेने यांची होती. १९८१ मध्ये कर्करोगाने निधन पावलेल्या अभिनेत्री नर्गिस दत्त यांचे नाव रुग्णालयाला देण्यात आले. तालुक्याच्या गावी असे रुग्णालय असणे त्या काळी अपवादात्मकच होते.

ग्रामीण कर्करोग नोंदणी

मुंबईत १९६३ पासून कर्करोगाची लोकसंख्याधारित नोंदणी होत होती. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय कार्यक्रमामुळे १९८० च्या दशकात आणखी काही शहरांत अशा नोंदण्या सुरू झाल्या. खेड्यांतील कर्करोगाविषयी मात्र आकडे नव्हते. १९८७ मध्ये बार्शीला सुरू झालेल्या नोंदणीने बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतील खेडी आपल्या कक्षेत घेतली. यांपैकी बार्शी सोलापूर जिल्ह्यात, तर परांडा व भूम उस्मानाबाद जिल्ह्यात येतात.

शहरातील नोंदणी रुग्णालयांच्या व प्रयोगशाळांच्या कागदपत्रांवर चालते. खेड्यात ही पद्धत कुचकामी ठरली असती, कारण पुष्कळ रुग्ण निदान न होताच घरी मरत. म्हणून नोंदणीचे कर्मचारी ठरावीक काळाने गावोगाव जात, गावातील परिचित व्यक्तींशी संपर्क ठेवत, रोगाची लक्षणे समजावून सांगत आणि संशयित रुग्णांना तपासणीसाठी बार्शीला येण्यास प्रवृत्त करीत. अंगावरून पांढरे जाणे, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसणे, संबंधानंतर रक्तस्राव होणे या गोष्टी घरात कोणाजवळ बोलण्याची पद्धत नव्हती. त्या कर्मचाऱ्यांशी बोलल्या जाऊ लागल्या, ही या पद्धतीची खरी कमाई म्हणावी लागेल.

नोंदणीतून दोन गोष्टी पुढे आल्या. खेड्यांतील कर्करोगाचे एकूण प्रमाण मुंबईच्या निम्म्याहूनही कमी होते, मात्र स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग ठळकपणे पहिल्या क्रमांकावर होता. दुसरी गोष्ट अनपेक्षित होती. कोणतीही तपासणी मोहीम न राबवता, केवळ गावांत माहिती पोहोचल्यामुळे, लवकरच्या टप्प्यात निदान होणाऱ्या रुग्णांचा वाटा काही वर्षांतच वाढला. कस्तुरी जयंत, नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे निरीक्षण १९९५ मध्ये व रुग्णांच्या जगण्याच्या प्रमाणातील सुधारणा १९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय नियतकालिकांतून मांडली. रोग मोजण्यासाठी उभारलेली यंत्रणाच अशा रीतीने काही अंशी उपचाराचे काम करू लागली.

नोंदणीच्या मर्यादाही लक्षात ठेवाव्या लागतात. तीन तालुक्यांतील आकडे दीर्घकाळ साऱ्या ग्रामीण भारताचे प्रतिनिधी म्हणून वापरले गेले. प्रत्यक्षात शेजारचा माढा तालुका आणि त्यातील मोडनिंबसारखी गावेही या मोजणीच्या बाहेर होती.

उस्मानाबाद तपासणी चाचणी

श्रीमंत देशांत गर्भाशयमुखाचा कर्करोग आटोक्यात आला तो मुख्यतः पॅप तपासणीमुळे. या तपासणीत गर्भाशयमुखावरील पेशी काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. त्यासाठी प्रशिक्षित तज्ज्ञ, प्रयोगशाळा आणि स्त्रीने दर काही वर्षांनी पुन्हा येणे आवश्यक असते. भारतातील खेड्यांत यांपैकी काहीच उपलब्ध नव्हते. दुसरी पद्धत स्वस्त होती. ॲसेटिक आम्लाचे सौम्य द्रावण, म्हणजे जवळजवळ व्हिनेगरच, लावून गर्भाशयमुख नुसत्या डोळ्यांनी पाहायचे आणि पांढरा डाग उठला तर पुढील तपासणी करायची. व्हीआयए या नावाने ती ओळखली जाते. तिसरी पद्धत विषाणूचा डीएनए शोधण्याची होती. ती सर्वांत महाग, परंतु पाहणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून नसलेली. या तिन्हींपैकी कोणती पद्धत प्रत्यक्षात मृत्यू टाळते, हा प्रश्न होता.

टाटा मेमोरियल केंद्र, बार्शीचे रुग्णालय आणि फ्रान्समधील लियों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी १९९९ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यात चाचणी सुरू केली. अर्थसाहाय्य बिल व मेलिंडा गेट्स फाउंडेशनचे होते. मुख्य संशोधकांत रेंगस्वामी शंकरनारायणन, भगवान नेने, सुरेंद्र शास्त्री आणि केतायुन दिनशॉ यांचा समावेश होता. ३० ते ५९ वर्षे वयाच्या निरोगी स्त्रिया निवडण्यात आल्या. एकाच गावातील शेजारणींना वेगवेगळ्या पद्धती लागू करणे अव्यवहार्य असल्याने ५२ गावसमूह चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यादृच्छिक रीतीने चार गटांत वाटले गेले. तीन गटांना प्रत्येकी एक तपासणी एकदाच देण्यात आली. चौथ्या गटाला आरोग्यविषयक माहिती व नेहमीची सेवा मिळाली, तपासणी देण्यात आली नाही.

नमुने घेण्याचे काम प्रशिक्षित परिचारिका-सुईणींनी केले. तपासणी गटांतील जवळपास ८० टक्के स्त्रिया प्रत्यक्ष तपासणीसाठी आल्या. आतील तपासणीविषयीचा संकोच पाहता हे प्रमाण मोठे आहे. ज्यांच्यात दोष आढळला त्यांना पुढील तपासणी व उपचार देण्यात आले आणि सर्व गटांचा पाठपुरावा सुमारे आठ वर्षे झाला.

एचपीव्ही गटातील ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ जणींचा या कर्करोगाने मृत्यू झाला. तुलना गटात ३१,४८८ स्त्रियांपैकी ६४ जणींचा झाला. पॅप तपासणीच्या गटात ५४ आणि व्हीआयएच्या गटात ५६ मृत्यू झाले. या दोन गटांतील घट संख्याशास्त्रीय दृष्ट्या खात्रीलायक ठरली नाही. एचपीव्ही गटात कर्करोगाचे निदान झालेल्या स्त्रिया तुलना गटापेक्षा जास्त, म्हणजे १२७ विरुद्ध ११८ होत्या. वरवर पाहता हे विसंगत वाटते. पण दुसऱ्या किंवा त्यापुढील टप्प्यात सापडलेल्या स्त्रिया तुलना गटात ८२, तर एचपीव्ही गटात ३९ होत्या. म्हणजे तपासणीने रोग लवकर हाती लागला होता. तपासणी निर्दोष आलेल्या स्त्रियांना नंतर कर्करोग होण्याचे वार्षिक प्रमाणही एचपीव्ही गटात दर लाखाला ३.७ इतके अल्प होते. पॅप गटात ते १५.५ आणि व्हीआयए गटात १६ होते. ज्या स्त्रीची आयुष्यात बहुधा एकदाच तपासणी होणार, तिच्या दृष्टीने हा फरक निर्णायक आहे.

व्हीआयएचा हा निकाल इतरत्र मिळालेल्या निकालांशी जुळत नाही. तमिळनाडूतील दिंडिगल जिल्ह्यात २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत व्हीआयएने मृत्यू ३५ टक्क्यांनी घटले होते. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील टाटा मेमोरियलच्या दीर्घ चाचणीत प्राथमिक आरोग्यसेविकांनी ही तपासणी दर दोन वर्षांनी अशी चार वेळा केली, आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत मृत्यूंतील घट ३१ टक्के होती. डोळ्यांनी पाहण्याची तपासणी पाहणाऱ्याच्या कौशल्यानुसार बदलते, हे या तफावतीचे एक संभाव्य कारण आहे.

तुलना गटाविषयीचा वाद

उस्मानाबाद, दिंडिगल आणि मुंबई या तिन्ही चाचण्यांत मिळून १,३८,६२४ स्त्रिया तपासणी न मिळालेल्या गटांत होत्या आणि त्यांपैकी २५४ जणींचा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने मृत्यू झाला. अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञ एरिक सुबा यांनी २०१४ मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स'मध्ये यावर कठोर आक्षेप घेतला. पॅप तपासणीने मृत्यू घटतात हे अनेक दशकांपासून ज्ञात असताना एका गटाला तपासणीविना ठेवून मृत्यू मोजणे समर्थनीय नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

संशोधकांची बाजू अशी की, त्या काळी भारतात कोणताही तपासणी कार्यक्रम अस्तित्वात नव्हता. तुलना गटाकडून काही काढून घेतले गेले नाही, उलट त्यांना माहिती मिळाली. ग्रामीण परिस्थितीत कोणती पद्धत उपयोगी पडते याचा पुरावा नसताना शासन कोणताच कार्यक्रम हाती घेणार नव्हते. उस्मानाबादेत पॅप तपासणीनेही मृत्यूंत खात्रीलायक घट दाखवली नाही, ही गोष्ट या युक्तिवादाला काही प्रमाणात बळ देते. तरी 'नेहमीची सेवा' म्हणजे जिथे जवळजवळ शून्य सेवा, तिथे ती तुलनेचा आधार मानावी का, हा प्रश्न त्याने सुटत नाही. वैद्यकीय नीतिशास्त्राच्या चर्चेत या चाचण्यांचा उल्लेख आजही होतो.

लशीच्या मात्रांचा अभ्यास

२००९ मध्ये भारतातील अनेक केंद्रांवर १० ते १८ वर्षांच्या अविवाहित मुलींमध्ये एचपीव्ही लशीच्या दोन व तीन मात्रांची तुलना करणारा अभ्यास सुरू झाला. बार्शी हे त्यांपैकी एक केंद्र होते. एप्रिल २०१० मध्ये, दुसऱ्याच एका लसीकरण प्रकल्पावरून उठलेल्या वादामुळे, केंद्र शासनाने अशा सर्व अभ्यासांतील लसीकरण थांबवले. त्यामुळे ४,९५० मुलींना एकच मात्रा मिळालेली राहिली. संशोधकांनी त्यांचाही पाठपुरावा चालू ठेवला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार १६ व १८ या प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून मिळणारे संरक्षण एका मात्रेने ९५.४ टक्के, दोन मात्रांनी ९३.१ टक्के आणि तीन मात्रांनी ९३.३ टक्के होते. अभ्यासातील व्यत्ययानेच त्याचा सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष हाती दिला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये एका मात्रेचा पर्याय मान्य केला, त्यामागील पुराव्यांत हा अभ्यास होता.

प्रभाव

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये एचपीव्ही डीएनए तपासणीला प्राथमिक तपासणी म्हणून पसंती दिली. उस्मानाबादचे निष्कर्ष या बदलाच्या पायाभूत पुराव्यांत गणले जातात. भारताच्या २०१६ च्या मार्गदर्शक आराखड्यात ३० ते ६५ वर्षांच्या स्त्रियांसाठी दर पाच वर्षांनी व्हीआयए सुचवण्यात आली आहे. एचपीव्ही तपासणीचा खर्च आणि प्रयोगशाळांची उणीव ही त्यामागील मुख्य अडचण आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या 'सर्व्हाव्हॅक' या लशीला जुलै २०२२ मध्ये औषध महानियंत्रकांची मान्यता मिळाली. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील ३० ते ४९ वर्षे वयोगटातील १.९ टक्के स्त्रियांची गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी कधीतरी तपासणी झाली होती.