अंगावरील लेख : पेण-रोहें भागांतील गोंदण व वेध

जुन्या कागदांचा शोध करणारास एक अनुभव वारंवार येतो. दप्तर सांपडतें तें बहुधा वतनदाराच्या, कुळकर्ण्याच्या किंवा भिक्षुकाच्या घरीं सांपडतें. ज्यास वतन नव्हतें व अक्षरओळखही नव्हती, त्याच्या घरीं शोधक सहसा जातच नाहीं. तेथें आपणांस मिळण्यासारखा लेख नाहीं अशी त्याची आधींच खात्री झालेली असते. आमच्या मतें ही खात्री चुकीची आहे. अशा घरांतही लेख असतो. मात्र तो कागदावर नसून अंगावर असतो.

पेण व रोहें हे दोन तालुके पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यांतले. १९८१ पासून जिल्ह्याचें नांव रायगड झालें. या भागांतील कातकरी, ठाकूर, आगरी व कोळी समाजांतील वृद्ध स्त्रियांच्या कपाळावर, हनुवटीवर व हातांवर गोंदण दिसतें. कानानाकाचा वेध तर बहुतेक सर्व जातींत आहे. या दोहोंविषयीं दोन प्रश्न विचारावे असा आमचा हेतु आहे. ज्याच्या अंगावर खूण आहे त्याच्या लेखीं तिचा अर्थ काय? आणि पाहणारानें तिला कोणता अर्थ लाविला?

(१) वेध

कर्णवेध हा आज आपण सोळा संस्कारांत मोजतों. परंतु जुन्या गृह्यसूत्रांत तो प्रायः आढळत नाहीं, मागाहूनच्या परिशिष्टांत येतो. त्याचा सविस्तर विधि धर्मग्रंथापेक्षां वैद्यकांतच चांगला सांपडतो. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांतील सोळाव्या अध्यायांत बालकाचे कान टोंचण्याचीं दोन कारणें दिलीं आहेत : रक्षण व भूषण. सहाव्या किंवा सातव्या महिन्यांत, शुक्ल पक्षीं, मूल मांडीवर घेऊन, खेळण्यानें त्याचें मन रमवून, सूर्यप्रकाशांत पाळीवरील पातळ जागा पाहून वेध करावा. मुलाचा उजवा कान आधीं, मुलीचा डावा. भलत्या शिरेस सुई लागल्यास कोणते उपद्रव होतात तेंही तेथें सांगितलें आहे. त्याच अध्यायांत फाटलेली पाळी सांधण्याचे पंधरा प्रकार व तुटलेलें नाक पुन्हां घडविण्याची क्रिया आहे. कान फाटणें अथवा नाक जाणें म्हणजे रूपाबरोबर प्रतिष्ठाही जाणें असें ज्या समाजांत मानीत, त्यांतच इतकी विस्तृत चिकित्सा निर्माण होणार, हें उघड आहे.

नाकाची गोष्ट निराळी. रोह्याच्या दक्षिणेस मांदाडजवळील कुडें येथील लेण्यांत जीं स्त्रीपुरुषांचीं युग्में कोरलेलीं आहेत, त्यांच्या कानांत ठळक भूषणें आहेत, नाकांत कांहीं नाहीं. हें प्राचीन भारतीय शिल्पास सामान्यतः लागू आहे. कै. परशुराम कृष्ण गोडे यांनीं १९३८ च्या सुमारास भांडारकर संस्थेच्या नियतकालिकांत नथीच्या प्राचीनतेवर निबंध लिहून, जुन्या संस्कृत वाङ्मयांत नासाभूषणाचा पुरावा मिळत नाहीं, तो इसवी सनाच्या सुमारें हजाराव्या वर्षानंतर मिळूं लागतो, असें दाखविलें. तात्पर्य, आज जी नथ महाराष्ट्रीय सौभाग्यवतीचें सनातन लक्षण म्हणून मिरविली जाते, ती एके काळीं नवी होती. आणि कोणा तरी सासूनें अथवा शेजारणीनें पहिल्यानें ती पाहून नाक मुरडलेंच असेल.

वेधाचा खाजगी अर्थ पाहावयाचा असेल तर नांवें पाहावीं. ज्या घरीं मुलगे जगत नसत, तेथें पुढील मुलाचें नाक टोंचून त्यास मुलीप्रमाणें नथ घालीत व नथू म्हणत. कोणी भिकू, कोणी दगडू, कोणी केरू. हें मूल कोणाच्या दृष्टीस भरूं नये, एवढाच हेतु. पेशवाईंतील प्रतिष्ठितांच्या कानांत दिसणारी भिकबाळीसुद्धां मूळची अशाच नवसाची, भिक्षेच्या द्रव्यांतून केलेली, असें लोकांत सांगतात. म्हणजे जी खूण बापानें भयानें घातली, तीच पुढें ऐश्वर्याची ठरली.

(२) अंकन

अंगावरील सर्वच खुणा स्वखुशीच्या नसतात. पाणिनीच्या एका सूत्रांत (६.३.११५) 'कर्ण' शब्द पुढें आला असतां पूर्वपदाचा स्वर केव्हां दीर्घ करावा हें सांगितलें आहे. तेथें लक्षण म्हणजे जनावराच्या कानावरील खूण, आणि ती मालक ओळखण्यासाठीं. कोणाची विळ्याची, कोणाची स्वस्तिकाची, कोणाचा कान छिद्र पाडलेला. ही खूण ज्याच्या अंगावर, त्याची नव्हे, ती धन्याची.

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत महापातक्याच्या कपाळावर डाग देण्यास सांगितलें आहे. सुरापान करणारास मद्यगृहाचा ध्वज, चोरास कुत्र्याचें पाऊल, असे त्याचे प्रकार आहेत. हा विचार ग्रंथांतच राहिला असें नाहीं. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून बंगालकडे कंपनी सरकार कांहीं गुन्हेगारांच्या कपाळावर अपराध गोंदवीत असे. ही शिक्षा १८४९ सालीं बंद झाली. त्या शिक्षेसही तिकडे 'गोदना' हेंच नांव होतें. ज्या शब्दानें स्त्रिया आपला दागिना सांगत, त्याच शब्दानें सरकार आपली शिक्षा सांगे.

तिसरा प्रकार व्रताचा. माध्व वैष्णव आषाढांत शंखचक्रांची तप्तमुद्रा अंगावर घेतात. तिच्या स्तुतीचीं वचनें आहेत, तशीं निंदेचींही आहेत, आणि त्यांवरून पंडितांत पुष्कळ भांडणें झालीं. काशीनाथ उपाध्याय यांनीं १७९० सालीं पूर्ण केलेल्या धर्मसिंधूंत या वादाचा निकाल थोडक्यांत दिला आहे : ज्यांच्या कुळांत वाडवडिलांपासून मुद्रा घेण्याचा आचार आहे त्यांनीं ती घ्यावी, ज्यांच्या कुळांत नाहीं त्यांनीं घेऊं नये. एकानें दुसऱ्यास भ्रष्ट म्हणण्याचें कारण उरलें नाहीं. हा निकाल वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

(३) पेण-रोह्याकडील गोंदण

गोंदणारी स्त्री बहुधा फिरस्ती असे. तीनचार सुया एकत्र बांधून, काजळी पाल्याच्या रसांत किंवा दुधांत कालवून, ती कातडीखालीं भरी. वर हळद व तेल लावी. मोबदला धान्याचा किंवा थोड्या पैशांचा. मुलगी वयांत येण्यापूर्वीं किंवा लग्नाच्या आधीं हें काम उरकीत. कपाळावर ठिपका किंवा चंद्रकोर, हनुवटीवर एक अथवा तीन ठिपके, हातावर तुळस, कमळ, विंचू, मारुति, आणि अलीकडे नांव. अर्थ विचारला असतां उत्तर बहुतेक ठिकाणीं एकच मिळतें : बाकीचें सर्व लेणें येथेंच राहतें, गोंदण तेवढें बरोबर येतें.

सरकारी व इतर लेखकांनीं या लोकांविषयीं बरेंच लिहिलें. कुलाबा व जंजिरा यांचें गॅझेटियर १८८३ सालीं निघालें. वेलिंग यांचा कातकऱ्यांवरील ग्रंथ १९३४ चा, छापेकरांचा सह्याद्रींतील ठाकुरांवरील १९६० चा. हे ग्रंथ उपयुक्त आहेत. परंतु जातीचा आचार सांगणें आणि एका व्यक्तीनें आपल्या हातावर अमुकच खूण कां घेतली हें सांगणें, या दोन गोष्टी भिन्न आहेत. दुसरीची नोंद आम्हांस क्वचितच आढळली.

याच भागांत बेने इस्रायल लोक शतकानुशतकें राहिले. पेणकर, रोहेकर, अष्टमकर हीं त्यांचीं आडनांवें आजही तें सांगतात. त्यांच्या धर्मग्रंथांतील लेवीय या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायांत अंगावर खुणा गोंदण्याची मनाई आहे. उलट उत्पत्तीच्या चोविसाव्या अध्यायांत रिबेकेच्या नाकांत वाळी घातल्याची कथा आहे. एकाच बाजारपेठेंत एका स्त्रीस गोंदलेला हात ही निष्ठा वाटे व दुसरीस न गोंदलेला हात ही निष्ठा वाटे. दोघींचा व्यवहार त्यावांचून अडला नाहीं.

(४) एक साक्ष व एक कबुली

पेण तालुक्यांतील एका कातकरीवाडींत एका वृद्ध बाईशीं आमचें बोलणें झालें. त्यांच्या उजव्या हातावर तुळस आहे व तिच्या बुडाशीं दोन ठिपके आहेत. तुळस सर्वांचीच असते; ठिपके कशाचे, असें आम्हीं विचारलें. त्या म्हणाल्या, एक आपला व एक सोबतिणीचा. दोघी एकाच दिवशीं, एकाच झाडाखालीं गोंदवून घेण्यास बसल्या होत्या, आणि तसेच दोन ठिपके सोबतिणीच्याही हातावर काढविले. सोबतीण पुढें वीटभट्टीवर गेली ती तिकडेच वारली. बाईंचें आयुष्यही दिवाळीनंतर भट्टीवर व पावसाळ्यांत वाडीवर, असेंच गेलें. घरांतलीं भांडीं विकलीं गेलीं. २००५ च्या जुलैंतील पुरांत कागदांचें गांठोडें भिजून गेलें. हा ठिपका मात्र भिजला नाहीं, असें त्या सहज म्हणाल्या.

बाजारांत व कचेरींत लोक हाताकडे पाहून हंसत, म्हणून त्यांनीं कित्येक वर्षें हात पदराखालीं ठेविला. आतां ठेवीत नाहींत. कां, असें विचारतां त्यांनीं उत्तर दिलें कीं, हंसणारे म्हातारे होऊन गेले, आणि सोबतिणीचें दुसरें कांहीं आपल्याजवळ नाहीं.

हें ऐकतांना आम्हांस स्वतःची एक गोष्ट आठवली, ती येथें नमूद करणें प्राप्त आहे. आम्ही शाळेंत शिकवीत असतां एका समारंभाचे वेळीं, जिच्या कपाळावर व हनुवटीवर गोंदण होतें अशा एका विद्यार्थिनीस, पाहुण्यांस बरें दिसावें म्हणून, आम्हीं मागच्या रांगेंत उभें केलें. कोणीं तसें सांगितलें नव्हतें, आमचेंच मत. ती कांहीं बोलली नाहीं. पुढें थोड्याच दिवसांनीं तिचें शाळेंत येणें बंद झालें. तेंच कारण होतें असें आम्ही म्हणत नाहीं, परंतु नव्हतें असेंही आम्हांस म्हणतां येत नाहीं. धर्मसिंधूंतला निकाल आम्हांस तेव्हांही पाठ होता. वैष्णवाच्या दंडावरील मुद्रेस कुलाचार म्हणून जो मान आम्ही दिला, तो त्या मुलीच्या हनुवटीवरील तीन ठिपक्यांस दिला नाहीं. ठिपके काय, मुद्रा काय, अंगावरील रेघा त्याच. एकीच्या मागें ग्रंथ होता व दुसरीच्या मागें नव्हता, एवढाच भेद.

(५) उपसंहार

वरील सर्व पुराव्यावरून आमचें अनुमान असें कीं, अंगावरील खुणेस स्वतःचा मान किंवा अपमान नसतो. ती कोणीं घातली व कोणाच्या संमतीनें घातली, यावर तिचा न्याय करावा. धन्यानें घातलेली ती मालकी, राजानें घातलेली ती शिक्षा, मातापित्यांनीं घातलेली ती रक्षा, आणि स्वतः घेतलेली ती साक्ष. पाहणारा बहुधा या चारी प्रकारांस एकच समजतो आणि तेथेंच चुकतो.

हल्लीं पेण व रोहें येथील तरुण मुलगे भिकबाळी घालूं लागले आहेत, मुली कानास तीनतीन वेध घेतात, व यंत्रानें हातावर आईचें नांव गोंदवून घेतात. वडील मंडळी त्यांस तींच दूषणें देतात जीं पूर्वीं कातकरणीस देत असत. सैन्यभरतीच्या नियमांनींही गोंदणास कोपरापासून मनगटापर्यंतचा आंतील भाग व तळहाताची मागील बाजू एवढीच जागा ठेविली आहे. मात्र आदिवासी उमेदवारांचे बाबतींत त्यांच्या रूढीचा विचार करण्याची तजवीज आहे. सरकारी नियमांत धर्मसिंधूचाच निकाल दुसऱ्या वाटेनें आला, हें पाहून आम्हांस समाधान वाटलें.

शेवटीं संग्राहक मित्रांस एक विनंती. पोथी जळाली तरी तिची दुसरी प्रत कोठें तरी सांपडण्याची आशा असते. हा लेख एकाच प्रतीचा असून तो धारण करणाराबरोबर जातो, आणि हातानें गोंदलेल्या स्त्रियांची शेवटची पिढी आपल्या डोळ्यांदेखत जात आहे. तरी ज्यांस शक्य असेल त्यांनीं आपआपल्या गांवीं टिपणें करावीं. खूण अंगावर कोठें आहे, तिला धारण करणारी कोणतें नांव देते, कोणत्या वयांत व कोणाकडून घेतली, मोबदला काय दिला, आणि कोणासाठीं घेतली, एवढें पुरे. आकृति कागदावर काढावी. परवानगीवांचून काढूं नये व धारण करणाराचें नांव छापूं नये. मुख्य म्हणजे शेवटचा प्रश्न विचारण्यास विसरूं नये. आम्ही शिक्षक असतां तो कधीं विचारला नाहीं. त्या वाडींत विचारला तेव्हां तुळशीच्या बुडचे दोन ठिपके आम्हांस वाचतां आले.