आवळीखालचें वन

कार्तिकाच्या शुक्ल पक्षांत आवळीखालीं राधा-दामोदराची पूजा करून सहकुटुंब तेथेंच जेवण्याची आपली चाल जुनी आहे. परभणी जिल्ह्यांत मात्र इतिहासाच्या अभ्यासकास प्रश्न पडतो: वनभोजन खरें, पण वन कोठें आहे?

गोदा-पूर्णेच्या खोऱ्यांतील ही काळी जमीन कापसा-जोंधळ्याची. नांगर जेथें सुखानें चालतो तेथें रान फार दिवस टिकत नाहीं. त्यांत 1900 च्या सुमारास हैदराबाद-मनमाड लोहमार्ग परभणीवरून गेला. कापसास दूरची पेठ मिळाल्यावर बांधावरचें झाडही शेतकऱ्यास अडचणीचें वाटूं लागलें असल्यास नवल नाहीं. साग, पळस, खैर उरले ते मुख्यतः जिंतूरकडील डोंगरांत. तेथें खडक नांगरास दाद देत नाहीं, एवढेंच.

औंढा नागनाथ 1 मे 1999 पर्यंत याच जिल्ह्यांत होतें. आतां तें हिंगोलींत आहे. ज्योतिर्लिंगाचें दारुकावन तें हेंच, अशी तेथील श्रद्धा. द्वारकेजवळील नागेश्वराचाही तोच दावा आहे. तो वाद पंडितांनीं खुशाल चालवावा. क्षेत्राच्या नांवांत वन राहिलें, भोंवतालीं शेतें झालीं, हें मला अधिक बोलकें वाटतें.

आवळीभोजनाचेंही तसेंच. एका झाडाच्या विरळ सावलींत धपाटीं, दहीं, ठेचा वाढला कीं त्यास वनभोजन म्हणावयाचें! आपला बांध मोकळा केलेल्या घरचीं माणसें त्या दिवशीं शेजाऱ्याच्या बांधावरची आवळी शोधीत जातात.